धापेवाड्याचा विठोबा, चोखोबाची पायरी आणि आपण

आषाढी पौर्णिमेची सकाळ होती. विहारात वंदना आटोपली, त्रिशरण-पंचशील झाले आणि वर्षावासाच्या पहिल्या दिवशी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू झाले. याच पौर्णिमेला सारनाथच्या मृगदायवनात तथागतांनी पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला, हे आपल्या घरातली शाळकरी पोरेही आता सांगतात. वाचन संपवून आमच्या माय-बहिणी पांढऱ्या साड्यांत विहाराबाहेर पडल्या तेव्हा कळमेश्वरच्या रस्त्यावरून दुसरीच गर्दी चालली होती. टाळ होते, पताका होत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया होत्या. ती माणसे धापेवाड्याला निघाली होती. दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य प्रतिपदेला, तिथे विठोबाची मोठी यात्रा भरते.

दोन्ही गर्द्या एकाच रस्त्यावरून एकमेकींना वाट देत पुढे गेल्या. कुणी कुणाला काही बोलले नाही. उलट एका वारकरी बाईने आमच्यातल्या एका म्हाताऱ्या आजीला हात करून “बरी आहेस का वो?” म्हणून विचारले. दोघी एकेकाळी एकाच धुऱ्यावर निंदणाला जात होत्या म्हणे.

तेवढ्यात एका भगिनीने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “दादा, पोट्टे जत्रेत जातो म्हणतात. बुढी म्हणते जाऊ द्या. हे म्हणतात तिथं पाय टाकाचा नाही. मी काय करू सांगा?”

रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. “जाऊ नका” म्हणणे सोपे, “जाऊ द्या” म्हणणे त्याहून सोपे. परंतु ज्या देवळाबद्दल आपण बोलतो ते देऊळ काय आहे, आपल्या बापजाद्यांचे त्याच्याशी आणि तसल्या देवळांशी नाते काय होते, हे त्या माउलीला ठाऊक नव्हते आणि तिच्या मालकांनाही ठाऊक नसावे. म्हणून हा लेख.

कळमेश्वर तालुका हा देवळांचा मुलूख आहे. गावाच्या नावातच ईश्वर बसलेला. सावनेरच्या वाटेला लागले की आदासा येते, तिथे टेकडीवर शमी विघ्नेशाचे देऊळ आहे आणि विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना करतात. त्याच भागात धापेवाडा. गावाला लागून नदी वाहते आणि तिचे नावसुद्धा चंद्रभागा! विठोबा, चंद्रभागा, आषाढाची यात्रा, सारेच पंढरपूरसारखे. म्हणूनच धापेवाड्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. गाव जुने, विणकरांचे. भोसल्यांच्या काळात इथल्या मागांवरच्या कापडाला नाव होते. आपल्या महार घरांतही तेव्हा जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा चाले, हे आजच्या पिढीला ठाऊक नाही. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले, नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि कोष्ट्यांचा तसाच महारांचाही माग हळूहळू थंडावला. मग खेड्यातला हा कारागीर मजूर होऊन गिरणीच्या भोंग्यावर धावू लागला. नागपूरच्या आपल्या वस्त्या अशाच वाढल्या. पण हे विषयांतर झाले.

देवळाची कथा अशी सांगतात. कोलबास्वामी नावाचे एक भक्त धापेवाड्याहून दर वर्षी पायी पंढरपूरला जात. म्हातारपणी पाय चालेनात. वारी चुकणार म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला. तेव्हा विठोबा स्वप्नात आला आणि म्हणाला, तू येऊ नकोस, मीच तुझ्या गावच्या विहिरीत आहे. विहीर उपसली तर मूर्ती निघाली. तिचे देऊळ झाले. आषाढी एकादशीला देव पंढरपुरात असतो आणि पौर्णिमा उलटली की धापेवाड्याला येतो, असा इथल्या वारकऱ्यांचा भाव. म्हणून यात्रा एकादशीला न भरता प्रतिपदेला भरते. पंढरपूरला जाणे ज्याला झेपत नाही असा वऱ्हाड-नागपूरचा कुणबी, तेली, कोष्टी, माळी कष्टकरी माणूस इथे येतो. मध्यप्रदेशातूनही दिंड्या येतात. शेतात पेरणी उरकलेली असते, हातात चार पैसे असतात किंवा नसतात, बाया एक दिवस घरातून मोकळ्या होतात. या देवळाचे खरे सामाजिक मोल तेच आहे. ज्या बाईला वर्षभर चुलीपुढून हलता येत नाही तिला यात्रेच्या निमित्ताने चार कोस चालायला, गायला, दुसऱ्या गावच्या बाईशी बोलायला मिळते. हे आम्ही कुत्सितपणे लिहीत नाही. लोकांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे शिक्षण आपल्याला बुद्धाने दिलेले नाही.

पण कोलबास्वामींची कथा ऐकताना आमच्या मनात नेहमी दुसरा एक भक्त येतो. एकाचे पाय थकले तर देव दोनशे कोस चालत आला. दुसऱ्याचे पाय धडधाकट होते, तो दारातच बसलेला होता, तरी त्याच्यासाठी दार उघडले नाही.

तो चोखोबा. तोही आपल्या विदर्भाचाच. बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणा राजा हे त्याचे जन्मगाव मानतात. पुढे तो मंगळवेढ्याला राहिला आणि पंढरीचा वारकरी झाला. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, असे हे सारे घरच अभंग रचणारे. चौदाव्या शतकातल्या एका महाराच्या घरात पाच-पाच कवी! त्या काळात ज्यांना अक्षराचा अधिकार नव्हता त्यांच्या घरातली ही गोष्ट आहे. आज आपल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांवर खर्च करताना कुणाचे हात आखडत असतील तर त्यांनी हे आठवावे.

चोखोबाबद्दलच्या कथा आपल्या आज्या सांगत. देव रात्री येऊन त्याचा हात धरून त्याला गाभाऱ्यात घेऊन गेला, सकाळी देवाचा हार त्याच्या गळ्यात दिसला आणि पुजाऱ्यांनी त्याला मारले. देव त्याच्या पंगतीला जेवायला बसला, सोयराबाईच्या हातून दही सांडले, चोखोबा देवाशी बोलतोय हे पाहून ब्राह्मणाने त्याच्या थोबाडीत मारली आणि देवळात जाऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला. या कथा ऐकताना लहानपणी आम्हाला भारी आनंद व्हायचा की देव आपल्या बाजूचा आहे. मोठेपणी मात्र प्रश्न पडला. देवाचा गाल सुजला, ठीक. पण मारणाऱ्याचा हात का थांबला नाही? हार गळ्यात पडला, पण दुसऱ्या दिवशी दार का उघडले नाही? कथा सांगणाऱ्याने देवाला चोखोबाच्या घरी पाठवले. चोखोबाला देवाच्या घरी मात्र नेले नाही. सारी मेख इथे आहे.

चोखोबाचा मुलगा कर्ममेळा याला हा प्रश्न सहाशे वर्षांपूर्वीच पडलेला होता. बापाच्या अभंगांत दैन्य आहे, पोराच्या अभंगांत जाब आहे. आमचे उष्टे खाण्याचे जिणे कुणी दिले, असे तो देवालाच विचारतो. आणि सोयराबाई? विटाळ विटाळ म्हणता तर विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा, असा तिचा सवाल आहे. आम्हाला विचाराल तर त्या घरातली सगळ्यात धीट बाई तीच.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीवरचे मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होता. नामदेवाने त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि देवळाच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्या पायरीपर्यंत येऊ दिले तिच्याजवळच मेल्यावर जागा मिळाली. त्यानंतर सहाशे वर्षे आपली माणसे पंढरपूरला गेली, चंद्रभागेत उतरली, चोखोबाच्या समाधीवर डोके टेकले आणि तिथूनच कळसाला हात जोडून परत फिरली.

मोहप्याचा छापखानेवाला

आता पुन्हा आपल्या तालुक्यात येऊ. धापेवाड्याच्या यात्रेची आठवण कळमेश्वर तालुक्याला दर वर्षी होते. पण याच तालुक्यातल्या मोहपा गावी १८७९ साली जन्मलेल्या किसन फागूजी बनसोडे यांची आठवण किती जणांना होते? कालपरवा कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांना आम्ही विचारले. दोघांनाही नाव ऐकून ठाऊक नव्हते. मुले मोहप्याच्या शेजारच्या गावची!

किसन फागूजी नागपुरात आले आणि त्यांनी समाजाच्या कामाला वाहून घेतले. विठ्ठल रामजी शिंद्यांशी त्यांचा संबंध आला. नागपूरच्या आपल्या वस्तीत १९०७ साली त्यांनी मुलींची शाळा काढली आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. वर्ष नीट पाहा. बाबासाहेब त्या वर्षी मुंबईत मॅट्रिक झाले. आपल्या मुलींच्या शिक्षणाचा विचार तेव्हा गावातल्या पाटलालाही सुचत नव्हता. मग त्यांनी वृत्तपत्रे काढली. १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ मध्ये ‘चोखामेळा’. विटाळ विध्वंसक! नाव वाचूनच कळावे की हा माणूस काय मोडायला निघाला होता. ‘मूकनायक’ निघाला १९२० साली. त्याच्या दहा वर्षे आधी आपल्या तालुक्यातला एक माणूस समाजासाठी खिळे जुळवीत बसलेला होता. आज तुम्ही जे साप्ताहिक हातात घेऊन वाचता त्याची पूर्वजपरंपरा अशी आहे. पैसा नाही, वर्गणी थकलेली, कागद उधारीवर. या गोष्टी शंभर वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

त्यांच्याच प्रेरणेने पुढे आलेल्या जाईबाई चौधरी. उमरेडकडच्या. या बाईंनी कामठी ते नागपूर डोक्यावरून ओझी वाहून पोट भरले. एका मिशनरी बाईंच्या नजरेस त्या पडल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण शिक्षिका महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी गहजब केला आणि नोकरी सुटली. जाईबाईंनी मग नागपुरात स्वतःची शाळा काढली, तिचेही नाव चोखामेळ्याचेच. नागपुरात चोखामेळा वसतिगृह झाले, आणि खेड्यातून आलेल्या आपल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यात राहून शिकल्या.

म्हणजे पाहा, देवळाच्या पायरीवर थांबवलेला चोखोबा नागपुरात शाळेच्या पाटीवर आला. विठोबाने जे दार उघडले नाही ते या माणसांनी चोखोबाच्या नावाने दुसरीकडे उघडले. किसन फागूजींना चोखोबा हवा होता तो यासाठी. त्यांनी चोखोबावर नाटक लिहिले, चरित्रपर लेखन केले, आपल्या समाजाला सांगितले की तुम्हालाही संत आहे, तुमच्या घरातही कविता आहे, मान वर करा.

मात्र १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा किसन फागूजी त्यांच्याबरोबर गेले नाहीत. हिंदू धर्मात राहूनच भांडावे, हा देश आणि हा धर्म आपलाही आहे, असे त्यांचे मत राहिले. यावरून आपल्या लोकांनी त्यांना पुढे विसरूनच टाकले. आमच्या मते हे बरे झाले नाही. ते चुकले, हे इतिहासाने दाखवले. चोखोबाच्या पायरीवर बसून सहाशे वर्षे जे झाले नाही ते आणखी सहाशे वर्षे बसून झाले नसते. पण चुकलेला माणूस आणि विकलेला माणूस यांत फरक आहे. १९४६ साली ते वारले. दीक्षाभूमीवरचा सोहळा पाहायला ते असते तर काय म्हणाले असते, असा विचार मोहप्यावरून जाताना आमच्या मनात येतो.

दार ठोठावण्याचे दिवस

आज आपली मुले विचारतात, आपल्याला ज्या देवळात जायचेच नव्हते त्या देवळासाठी बाबासाहेबांनी सत्याग्रह कशाला केले? प्रश्न रास्त आहे आणि आई-वडिलांना त्याचे उत्तर देता आले पाहिजे.

आपल्या विदर्भातच सुरुवात पाहा. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळासाठी १९२७ साली चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा कुणबी समाजातला पुढारी तीत पुढे होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारल्याची बातमी आली. १९२९ मध्ये पुण्याला पर्वतीचा सत्याग्रह झाला. आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा. हजारो माणसे, बायाबापड्यांसह, गोदाकाठी जमली. देवळाचे चारी दरवाजे बंद करून घेण्यात आले. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे हा लढा चालवीत राहिले. दार उघडले नाही.

१९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून हा सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. मूर्तिपूजा केल्याने आपला उद्धार होईल म्हणून हा लढा नव्हता, आपल्या माणसाला आपली स्थिती कळावी, त्याच्यात तेज यावे म्हणून होता, असा त्या पत्राचा आशय. देऊळ ही परीक्षा होती. परीक्षा हिंदू समाजाची, आणि थोडी आपलीसुद्धा. दारापर्यंत चालत जायचे धाडस ज्याने केले त्याच्या अंगात पुढे १९५६ साली पाठ फिरवून निघून जाण्याचे धाडस आले. दाराशी कधी गेलोच नसतो तर पाठ कशाकडे फिरवली असती?

रमाईची गोष्ट याच काळातली, आणि ती आपल्या घरोघरी सांगितली जावी अशी आहे. रमाईची पंढरपूरला जाण्याची फार इच्छा होती. आयुष्य शेणी-गोवऱ्यांत आणि उपासतापासांत गेलेले. लेकरे एकामागून एक गेलेली. विठोबाचे दर्शन घ्यावे एवढे एकच मागणे त्या माउलीने मागितले. बाबासाहेबांना ते मोडवेना, पण नेववेनाही. कारण रमाईलाही चोखोबाच्याच पायरीपाशी थांबावे लागले असते. बॅरिस्टर डॉ. आंबेडकरांची पत्नी, आणि तिने लांबून कळस पाहायचा! जे पंढरपूर भक्ताला दूर लोटते तिथे जाऊन काय करायचे, आपण आपल्या कष्टाने आणि सेवेने दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशी त्यांनी तिची समजूत काढली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पंढरपूर राहून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. दोन्ही गोष्टींचा संबंध आम्ही जोडत नाही, इतिहासात असे धागे जोडणे बरे नव्हे. पण पाच महिन्यांचेच अंतर आहे, एवढे डोळ्यांपुढे राहते.

पुढे दार उघडलेही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठल मंदिर खुले झाले. काही बडव्यांनी म्हणे त्याआधी मूर्तीतले तेज मंत्राने घागरीत काढून ठेवले! आमच्या चालण्याने दगडातला देव पळतो, यावरून त्या देवाची ताकद किती ते ज्याचे त्याने ठरवावे. त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडातही मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. मग संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. २०१४ साली तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही संपले आणि इतर जातींच्या पुजाऱ्यांना, स्त्रियांनाही पूजेची संधी मिळाली. हे सारे चांगलेच झाले. आज धापेवाड्याच्या देवळाच्या दारावर कायद्याने कुणाला जात विचारता येत नाही. तरीपण १४ ऑक्टोबर १९५६ ला आपली लाखो माणसे नागपूरला निघाली तेव्हा ती उघड्या दाराकडे पाठ करून निघाली होती. गाडीने आली, बैलबंडीने आली, डोक्यावर पोरे आणि शिदोरी घेऊन पायी आली. आपल्या तालुक्यातूनही गेली. वारी तीच, पाय तेच, रस्ता मात्र बदलला.

विठोबा म्हणजे बुद्धच का?

या प्रश्नाशिवाय आमचे वाचक आम्हाला सोडणार नाहीत हे ठाऊक आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या भाषणात त्यांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच, असे मत मांडले आणि त्यावर निबंध लिहून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचण्याचा मानस सांगितला. तो निबंध पूर्ण होण्याआधीच ६ डिसेंबर १९५६ उजाडला. जुन्या पंचांगांत आणि पोथ्यांत दशावताराच्या चित्रांमध्ये नवव्या अवताराच्या, म्हणजे बुद्धाच्या, जागी विटेवरचा विठोबा काढलेला असे, हे तर कुणालाही पाहता येते. दुसरीकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा मोठा ग्रंथ लिहून विठोबा हा मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचे मांडले. वाद अजून मिटलेला नाही.

आमचे मत विचाराल तर हा वाद अभ्यासकांनी जरूर चालवावा, पण आपल्या घरच्या निर्णयाला त्याची गरज नाही. काही बांधव म्हणतात, विठोबा बुद्धच आहे ना, मग धापेवाड्याला गेले तर काय बिघडले? यात मोठी फसगत आहे. बाबासाहेबांनी विठोबात बुद्ध शोधला तो आपले हरवलेले परत मागण्यासाठी. आणि “बुद्ध विष्णूचा अवतार आहे” असे म्हणतात ते बुद्धाला देव्हाऱ्यात कोंबण्यासाठी. बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी ही दुसरी गोष्ट साफ नाकारायला लावली आहे. मूर्ती कुणाचीही असो, आपण तिच्यापुढे काय मागतो हा प्रश्न आहे. नवस, कौल, प्रसाद मागत असू तर समोर प्रत्यक्ष बुद्धमूर्ती असली तरी ते धापेवाडाच झाले. आपल्या काही विहारांत परीक्षेच्या दिवसांत मूर्तीपुढे हॉल तिकीट ठेवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मुलांना काय बोलावे? त्यांच्या आयांनी पाठवलेले असते.

एक गोष्ट आमच्या घरातली. आमची आजी माळकरी होती. आषाढात ती एका देवळाच्या यात्रेला जाई. कोणते देऊळ ते इथे सांगत नाही, तेव्हा विदर्भात सगळीकडे सारखेच होते. देवळाच्या ओट्यापासून बऱ्याच अंतरावर आपले लोक उभे राहत. नारळ खाली ठेवायचा, मागे सरकायचे. कुणीतरी येऊन त्याच्यावर पाणी शिंपडून तो आत न्यायचा. अर्धे खोबरे परत येई, तेही वरून टाकलेले. आजी ते पदरात झेलायची. पदर दोन्ही हातांनी ताणून धरायचा, म्हणजे खोबरे जमिनीवर पडत नाही, हे तिने आम्हाला करून दाखवले होते. ते दाखवताना ती हसत होती. आम्ही लहान होतो, आम्हीही हसलो.

दीक्षेनंतर गावातल्या बहुतेक घरांनी देव नदीत सोडले. आजीने खंडोबा, मरीआई, सगळे स्वतःच्या हाताने टोपलीत भरून दिले. तुळशीची माळ मात्र गळ्यातून निघेना. आमच्या वडिलांनी सक्ती केली नाही. त्यावरून भावकीत बोलणेही खाल्ले. दोन वर्षांनी एक दिवस तिने आपण होऊनच ती काढली. कारण विचारले तर म्हणाली, “वंदना म्हणताना गळ्यात टोचते.” आणखी काही नाही. ना भाषण, ना प्रतिज्ञा.

म्हणून त्या भगिनीला आम्ही एवढेच सांगू. मालकांचा राग खोटा नाही. त्या रागामागे पदर ताणून उभ्या राहिलेल्या बाया आहेत. पण तो राग पोरांना नुसता “पाय टाकू नको” म्हणून कळणार नाही, त्यांना ही हकीगत सांगा. चोखोबा सांगा, सोयराबाई सांगा, मोहप्याचे किसन फागूजी सांगा. सासूबाईंना टाकून बोलू नका. पोरांना पाळणा, फुगे, गोडीशेव आवडते त्यात काही पाप नाही. जत्रेतल्या पाळण्याला धर्म नसतो आणि पाळणेवालाही बहुधा आपल्यासारखाच पोटासाठी गावोगाव फिरणारा असतो. न्यायचे तर नदीकाठी फिरवून आणा. शेजारची वारकरी बाई सोबत असली तर तिच्याशी बोलत जा. दर्शनाच्या रांगेत मात्र उभे राहू नका, अंगारा घेऊ नका, नवस बोलू नका. आणि पोरांनी “आपण आत का नाही जायचे?” म्हणून विचारले तर तिथेच, देवळासमोर, त्यांना उत्तर द्या. त्या प्रश्नासाठी याहून चांगली जागा नाही. धापेवाड्याहून परतताना सवड असेल तर मोहप्यालाही जाऊन या. तिथे जत्रा नाही, पाळणा नाही. एक साधे गाव आहे, आणि तिथल्या एका महाराच्या पोराने ‘विटाळ विध्वंसक’ नावाचे वर्तमानपत्र काढले होते.

प्रतिपदेच्या संध्याकाळी विहारात वाचनाचा दुसरा दिवस होता. गर्दी पहिल्या दिवसापेक्षा कमी. थोडी माणसे यात्रेत होती, हे उघड आहे. ती भगिनी आली होती. तिच्या धाकट्याच्या हातात पिपाणी होती आणि तो ती वाजवू पाहत होता. मागून सासूबाईंनी त्याच्या हातातून पिपाणी काढून घेतली, ओच्यात खोचली आणि त्याला मांडीवर बसवून म्हणाली, “आयक.”